मेल, व्हॉट्सॅप, गेटचा कॅमेरा: कोर्टात मागितलं तर आमची कायदा टीम देऊ शकेल का?

इंद्रायणीकाठी
सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

चाकण भागातल्या एका मध्यम कंपनीचा कायदा विभाग मी सांभाळते. विभाग म्हणजे मी, हाताखाली दोन ज्युनियर आणि फायली बघणारे एक काका. बाहेरचे वकीलसाहेब पुण्यात. आजवरचं काम म्हणजे करारांचे मसुदे, कामगारांचे दावे, चेक बाउन्स. सगळं कागदावर. कागद कपाटात, कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला, विषय संपला.

दिवाळीनंतर माल पुरवणाऱ्या एका पार्टीने पुण्याच्या कमर्शियल कोर्टात आमच्यावर दावा लावला. भांडण दरवाढीचं. ते म्हणतात, तुमच्या परचेस मॅनेजरने वाढीव दर मेलवर आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर कबूल केला होता. आम्ही म्हणतो, केला नव्हता. समन्स लागून तीन आठवडे झालेत. मी म्हटलं, मेल काढून बघू, मग कैफियत (दाव्याला आपलं लेखी उत्तर) लिहू.

तर मेल नाहीतच. मॅनेजर सप्टेंबरमध्ये सोडून गेला. त्याचा लॅपटॉप आयटीने फॉरमॅट मारून एका ट्रेनी पोराला दिला. मेलच्या लायसन्सचे दर महिन्याला पैसे जातात म्हणून त्याचं खातं उडवलं. ग्रुपवर कोणीतरी 'सात दिवसांनी मेसेज गायब' लावून ठेवलेलं. गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं, हेही मला त्याच दिवशी कळलं. कोणाच्याच मनात पाप नव्हतं. ज्याने त्याने आपलं रोजचं काम नीट केलं आणि सगळ्यांनी मिळून पुरावा घालवला.

आता साहेबांनी सांगितलंय, 'पुढच्या वेळी असं व्हायला नको, टीम तयार करा.' सुरुवात कुठून करू? कोणाला काय शिकवू? सॉफ्टवेअर विकणारे दोघे येऊन गेले. त्यांच्या स्लाइडी छान होत्या, पण आमच्या कपाटवाल्या काकांना त्यातलं काय सांगायचं ते मला कळलं नाही.

---

खवचट खोत
सोमवार, रात्री १०.५८

पहिला प्रतिसाद. चहा संपला. वाचतोय.

---

फोर्टातला वकील
सोमवार, रात्री ११.२५

ताई, एक प्रश्न आधी, मग बाकीचं. दाव्याच्या आधी त्यांची नोटीस आली असेलच. ती कधी आली होती?

---

इंद्रायणीकाठी
सोमवार, रात्री ११.३१

ऑगस्टमध्ये. १५ ऑगस्टच्या सुट्टीनंतर दोनतीन दिवसांनी.

(हो. कळलं मला तुम्हाला काय म्हणायचंय. उत्तर मी स्वतः दिलं होतं, वेळेत, चार पानी. आयटीला मात्र सांगितलं नाही. ते माझ्या मनातच आलं नाही.)

---

फोर्टातला वकील
मंगळवार, सकाळी ८.१०

कबूल केलंत हे बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. नोटीस हातात पडली त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कायदा विभागातल्या माणसाने उठून आयटीच्या खोलीत जायचं आणि 'या या लोकांचं काही पुसायचं नाही' असं लेखी द्यायचं. ही सवय लागली की टीम अर्धी तयार झाली.

आता घाई का, ते सांगतो. कमर्शियल दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ वेगळा आहे, २०१५ च्या कमर्शियल कोर्ट कायद्याने बदललेला. वादीने दाव्यासोबत आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत आपल्याकडचे विषयाशी संबंधित सगळे दस्त यादी करून द्यायचे. सगळे म्हणजे आपल्या विरोधात जाणारेसुद्धा. जे दिलं नाही त्यावर पुढे विसंबायचं तर कोर्टाची परवानगी लागते आणि उशिराचं पटण्याजोगं कारण लागतं. कैफियतीला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर समन्स लागल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवस. त्यानंतर दार बंद. तुमचे तीन आठवडे गेलेत, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

समोरच्याने नियम ५ खाली एखादा ठराविक दस्त मागितला, तर तो हजर करायला किंवा 'आमच्याकडे नाही, आणि का नाही' हे सांगायला कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १५ दिवस मिळतात. पटण्याजोगं कारण न देता दिलं नाही तर कोर्ट तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं, खर्चही बसवू शकतं. सात दिवसांत मेल शोधायचे, वाचायचे, वकिलाला दाखवायचे, छापायचे, हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकड्या-अक्षरांचा ठसा) काढायचा, शपथपत्र करायचं. कोणाकडे काय आहे हे आधी ठाऊक नसेल तर हे होत नाही.

आणखी एक. नियम ६ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी शपथेवर घोषणा लागते. नोंद कोणाकोणात झाली, कोणी काढली, कधी तयार झाली किंवा साठवली, कधी छापली, मेलचा पत्ता कोणाच्या ताब्यात, त्यात शिरायची मुभा कोणाला, सर्व्हर बाहेरचा किंवा क्लाउडवरचा असेल तर तो कोणाचा. ही माहिती तुम्हाला किंवा मला नसते. ती आयटीवाल्याला असते, आणि त्याला आपण कधी विचारलेलं नसतं.

---

नवशिकी एलएलबी
मंगळवार, सकाळी ९.०२

दादा, इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत पुरावा कायद्यातलं ६५ब चं प्रमाणपत्र दिलं की झालं ना? कॉलेजात तेच शिकवतात.

---

फोर्टातला वकील
मंगळवार, सकाळी ९.२०

कॉलेजला सांगा, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या ६५ब च्या जागी कलम ६३. तत्त्व तेच, पण प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या अनुसूचीतच छापलाय आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' नोंद हजर करणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, कोणत्या पद्धतीने काढली त्यावर खूण करावी लागते, हॅशचा रिपोर्ट जोडावा लागतो. आणि नोंद दाखल करण्यासाठी जेव्हा जेव्हा द्याल तेव्हा दर वेळी सोबत प्रमाणपत्र हवं, एकदा दिलं की कायमचं सुटलो असं नाही.

तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या त्या कलमात नाही. म्हणून वकिलांमध्ये वाद चालतो: कंपनीचाच आयटी हेड चालेल का, की बाहेरचा माणूस हवा. माझं मत, रक्कम मोठी आणि मेलच कळीचा असेल तर बाहेरचा घ्या. घरच्या माणसावर उलटतपासात पहिला प्रश्न येतो, 'तुमचा पगार कोण देतं?'

---

जालन्याचा जावई
मंगळवार, दुपारी १.१५

प्रमाणपत्राचा विषय निघाला आणि आमच्या सासुरवाडीचं नाव नाही, असं कसं चालेल? या बाबतीतला देशभर सांगितला जाणारा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आलाय.

२०१४ ची विधानसभा. अर्ज भरायचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर, वेळ दुपारी तीनपर्यंत. अर्जुन खोतकर निवडून आले, फरक फक्त २९६ मतांचा. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले: खोतकरांचे अर्ज तीननंतर घेतले, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांत ते दिसतंय. कोर्टाच्या आदेशाने रेकॉर्डिंगच्या सीड्या आल्या, पण सोबत प्रमाणपत्र नव्हतं. गोरंट्यालांनी ते मागूनसुद्धा अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीतून पुरेशी पूर्तता झाली असं धरलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली.

सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढून निकाल दिला. तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि मालकाने पिंजऱ्यात उभं राहून 'हा माझा, यात ही नोंद आहे' असं सांगितलं तर वेगळं. आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट मागवेल. जे करणं पक्षकाराच्या हातातच नाही ते कायदा त्याच्याकडून मागत नाही. गोरंट्यालांनी सगळे दरवाजे ठोठावले होते, बाकीचा पुरावाही होता, म्हणून खोतकरांचं अपील फेटाळलंच गेलं.

ताई, तुमच्या टीमने यातून काय घ्यायचं? बँक, टेलिफोन कंपनी, वाहतूकदार, ज्याच्या ज्याच्याकडे नोंद आहे त्याला पहिल्याच आठवड्यात लेखी मागणी करा आणि पोच जपून ठेवा. ती पोचच उद्या तुमचा पुरावा.

---

सर्व्हररूम
मंगळवार, रात्री ९.४५

अखेर आमच्या जातीची आठवण झाली. मी एका कंपनीत सिस्टिम ॲडमिन आहे, अशा दोन प्रकरणांत जबानी दिली आहे. वकील मंडळींनी आम्हाला आधी सांगितलं असतं तर दोन्ही वेळा माझी फजिती वाचली असती.

पहिली फजिती. कायदा विभागाने सांगितलं, 'ती एक्सेल फाइल पाठव.' मी उघडली, बघितली, सवयीने सेव्ह केली, पाठवली. झालं, फाइलच्या शेवटच्या बदलावर माझं नाव आणि त्या दिवशीची तारीख. उलटतपासात वकिलाने विचारलं, 'म्हणजे तुम्ही बदल केलात?' केला नव्हता, पण 'नाही' म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटला. तेव्हापासून नियम: मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी प्रत, मूळ आणि प्रत दोघांचा हॅश, मग बघायचं ते प्रतीत. विंडोजमध्ये सर्टयुटिलची एक ओळ टाइप केली की एसएचए-२५६ चा ६४ अक्षरांचा हॅश मिळतो, फुकट. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी जवळजवळ सगळी अक्षरं बदलतात. फाइलचं नाव बदललं तर मात्र हॅश तोच राहतो. ज्युनियरांना हे दोन्ही स्वतःच्या हाताने करून बघायला लावा, भाषणाने डोक्यात शिरत नाही.

नुसती कॉपी-पेस्ट केली तरी विंडोज नव्या प्रतीला 'तयार केल्याची तारीख' आजची देतं आणि 'बदलल्याची तारीख' जुनीच ठेवतं. म्हणजे फाइल जन्माआधीच बदललेली दिसते! समोरच्या वकिलाला हे कळत नसेल तर तो आरडाओरडा करतो, कळत असेल तर मुद्दाम करतो. त्यामुळे कॉपी कधी, कशी, कोणत्या ड्राइव्हवर घेतली हे एका वहीत लिहा. साधी शंभर पानी वही, पानांना नंबर घातलेली. आमच्या ऑफिसात तिला 'पंचनामा वही' म्हणतात.

व्हॉट्सॅपवर फोटो फॉरवर्ड करून 'पुरावा पाठवलाय' म्हणणाऱ्यांना दंड करा. फोटो दाबून लहान होतो, आतली तारीख आणि जागा निघून जाते, हॅश जुळत नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.

कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं) घड्याळ कधीच बरोबर नसतं. आमचं सात मिनिटं पुढे होतं. रेकॉर्डिंग काढताना डीव्हीआरचा स्क्रीन आणि शेजारी मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घेतलं, वहीत 'सात मिनिटं पुढे' असं लिहिलं, सिक्युरिटीवाल्याची सही घेतली. त्या एका फोटोने अर्ध्या तासाचा उलटतपास वाचला.

ताई, तुमचे मेल गेले म्हणून हताश होऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या मेलमध्ये खातं उडवल्यावर ३० दिवसांत परत आणता येतं, ती मुदत तुमची टळली. पण मेल एकाच माणसाकडे नसतो. सीसीमध्ये कोण होतं? अकाउंट्स, स्टोअर, तुमचे साहेब? त्यांच्या पेट्यांत तोच मेल पडलेला असेल. बॅकअप घेत असाल तर त्याची तारीख बघा. आणि अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवावीच लागते, ती बंद करता येत नाही. बिलाचा दर कोणी, कधी बदलला ते तिथे मिळालं तर मिळालं.

---

इंद्रायणीकाठी
मंगळवार, रात्री १०.३०

@सर्व्हररूम, सीसी! उद्याच बघते. आणि वही आणायला काकांना आत्ताच मेसेज केला. त्यांचं उत्तर: 'किती पानी?' शेवटी कपाटवाल्या माणसालाच हे सगळ्यात आधी कळलं.

---

एडिसनची आत्या
बुधवार, पहाटे ४.५० (तुमच्याकडची)

मी न्यू जर्सीत लॉ फर्मसाठी मेल वाचायचं काम करते. रोजचं तेच: कोणाच्या तरी पेट्यांतले हजारो मेल, 'संबंधित', 'असंबंधित', 'वकील-अशील गुप्त' अशा खुणा करायच्या. इकडे याला मोठा धंदा आहे. न्यू यॉर्कमधल्या झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात २००३-०४ मध्ये न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की वाद दिसू लागला की पुसण्याचं रोजचं वेळापत्रक थांबवायचं आणि ते थांबलंय की नाही हे वकिलाने स्वतः तपासत राहायचं. मेल पुसले गेले होते म्हणून ज्युरीला कंपनीविरुद्ध अनुमान काढायची मुभा दिली, आणि २००५ मध्ये दावा लावणाऱ्या झुबुलेक बाईंना ज्युरीने सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर मंजूर केले. त्यानंतर इथल्या प्रत्येक कंपनीत 'पुसू नका'चं पत्र हा पहिला कागद झाला.

पत्र पाठवून हात झटकू नका. मी पाहिलंय, पत्र दोनशे जणांना जातं आणि कोणी वाचत नाही. आठदहाच माणसं निवडा, ज्यांच्याकडे खरंच काही असेल ती, आणि एकेकाशी बोला: 'तू दराबद्दल कुठे कुठे लिहितोस?' लोक वहीत लिहितात, वैयक्तिक जीमेलवर लिहितात, बायकोच्या फोनवरून लिहितात. हे पत्रातून कळत नाही.

दुसरं आपल्या भाषेचं. कीवर्ड शोध चालवतात तो इंग्रजी शब्दांवर. आपली माणसं मराठी लिहितात रोमन अक्षरांत, आणि 'पाठवलं' हा एकच शब्द एका ग्रुपमध्ये मी सहा प्रकारे लिहिलेला बघितलाय. 'दर मान्य' असं कोणी लिहीतच नाही. लिहितात 'होऊन जाईल', 'साहेब हो म्हणाले', 'बघून घेऊ', 'तेवढं ॲडजस्ट करा'. तेव्हा शब्दांची यादी वकिलाकडून करून घेऊ नका. परचेसमधल्या जुन्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, 'तुम्ही हो कसं म्हणता?' त्या यादीवर शोधा.

---

फोर्टातला वकील
बुधवार, सकाळी ८.४०

आत्याबाई, शेवटचा परिच्छेद मी चोरणार.

फक्त एक सावधगिरी. अमेरिकेचा नमुना उतरवून जसाच्या तसा लावू नका. तिकडे समोरचा ट्रक भरून मागतो आणि आपण ट्रक भरून देतो. आपल्याकडे कोर्टापुढे ट्रक नेला तर कोर्ट म्हणेल, मुद्द्याचं दाखवा. आपल्या टीमला कमी, नेमकं आणि प्रमाणपत्रासह द्यायला शिकवा.

आणि गुप्ततेबद्दल, ताई, हे तुमच्यासाठी खास. कंपनीच्या नोकरीतल्या कायदा अधिकाऱ्याला साक्ष्य अधिनियमातलं वकिलाचं कलम १३२ चं संरक्षण (अशिलाशी झालेलं बोलणं गुप्त राहण्याचं) मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटलंय. कंपनीने आपल्या कायदा सल्लागाराशी केलेल्या संवादाला कलम १३४ चं थोडं संरक्षण आहे, पण तुम्ही आणि साहेब यांच्यातल्या बोलण्याला ते सरसकट लागू होईल असं धरून चालू नका. 'आपली बाजू लंगडी आहे' हे वाक्य तुम्ही साहेबांना मेलवर लिहिलं असेल तर...

---

इंद्रायणीकाठी
बुधवार, सकाळी ८.५२

लिहिलंय. शब्द 'लंगडी' नाही, 'कमकुवत' आहे.

आणि साहेबांनी काल विचारलं, 'मग जुने मेल काढूनच टाकले तर?'

---

फोर्टातला वकील
बुधवार, सकाळी ९.०५

साहेबांना सांगा, कोर्टात हजर करावा लागेल असा दस्त किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद तो हजर होऊ नये म्हणून नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. आज दर वाढवून द्यावा लागेल, उद्या फौजदारी वकील शोधावा लागेल. 'कमकुवत' शब्दावर वाद घालता येतो. पुसलेल्या शब्दावर नाही. सांगा, आणि तोंडी सांगा.

लॅपटॉपचं मात्र खरं ते लिहा. कोणत्या तारखेला, कोणी, कोणत्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केला, आणि त्यानंतर कुठे कुठे शोधलं. लपवलं आणि समोरच्याने उघडं पाडलं, की मग खरंही खोटं दिसतं.

---

नवशिकी एलएलबी
बुधवार, दुपारी १२.३०

व्हॉट्सॅप ग्रुप लोकांच्या खासगी फोनवर आहे. कंपनी फोन मागू शकते का? आमच्या इथे एक काका म्हणाले, 'माझ्या फोनात नातवाचे फोटो आहेत, देणार नाही.'

---

सर्व्हररूम
बुधवार, दुपारी १.४०

काका बरोबर आहेत. अख्खा फोन मागायचाच कशाला? आम्ही असं केलं: माणूस समोर बसलेला, फोन त्याच्याच हातात, लेखी संमती घेतली की फक्त या ग्रुपचं चॅट, या तारखा. त्याने स्वतः एक्सपोर्ट केलं. मेसेजची साधी टेक्स्ट फाइल आणि सोबत फोटो मिळतात. लगेच हॅश, वही, दोघांच्या सह्या. फोन बदलू नका, रीसेट करू नका, हे त्याला लिहून दिलं, कारण वाद वाढला तर मूळ फोनच कोर्टात न्यावा लागेल. ग्रुपवरचं 'गायब होणारे मेसेज' आधी बंद केलं, आणि कोणी कधी बंद केलं तेही लिहिलं. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, वर कोणाचं नाव सेव्ह केलंय तेवढंच दिसतं. 'बॉस' नावाने मी उद्या तुमचाही नंबर सेव्ह करू शकतो.

---

खवचट खोत
बुधवार, दुपारी १.४४

माझ्या फोनात बायकोचा नंबर 'सुप्रीम कोर्ट' नावाने आहे. चालेल का?

---

निवृत्त नाझर
बुधवार, संध्याकाळी ६.२०

बत्तीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत काढली. वकील मंडळी कलमं सांगतात, मी टेबलावरचं सांगतो.

पेन ड्राइव्ह सुटा आणून देऊ नये. पाकिटात घालून, पाकिटावर दाव्याचा नंबर, दस्त यादीतला अनुक्रमांक, आत काय आहे आणि हॅश लिहून, सील करून द्यावा. तशीच दुसरी प्रत समोरच्यासाठी, तिसरी स्वतःपाशी. प्रमाणपत्रावरची सही झेरॉक्सवरची असू नये, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं पण लागतं.

एकदा एका प्रकरणात कारखान्याच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवायचं होतं. सगळे जमले, कोर्टाच्या संगणकात पेन ड्राइव्ह घातला, फाइल उघडेना. त्या कंपनीच्या डीव्हीआरचा स्वतःचाच फॉरमॅट, त्याचा प्लेयर लागतो. तारीख पडली. पुढल्या तारखेला साक्षीदार आजारी. चार महिने गेले. चालवायचं साधन सोबत आणा, आणि आदल्या दिवशी दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर चालवून बघा.

बँकेचे उतारे घेणार असाल तर बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालचं बँकेचं प्रमाणपत्रही मागून घ्या. तो कायदा १८९१ चा, पण संगणकाच्या छापील उताऱ्यांसाठी त्यात कलम २अ आहे. बँकेत मॅनेजर बदलला की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आजच मागा.

आणि ज्याची सही प्रमाणपत्रावर, तो पिंजऱ्यात येणार हे त्याला आधी सांगा. गोड बोलून सही घेतात, मग समन्स बघून त्या पोराचा रक्तदाब वाढतो.

---

इंद्रायणीकाठी
रविवार, दुपारी ४.१०

चार दिवस गायब होते, हिशोब देते.

सीसी सापडला. अकाउंट्समधल्या एका मॅडमच्या पेटीत त्या मॅनेजरचे नऊ मेल. त्यातला एक आमच्या बाजूचा, एक स्पष्ट विरोधात, बाकी दळण. दोन्ही यादीत जाणार, वकीलसाहेबांशी बोलून ठरवलं. साहेबांचं तोंड पडलं, पण कलम २४१ त्यांना वाचून दाखवलं होतं. तोंडी.

नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, मार्करने. मेल कुठे, ईआरपी (खरेदी, माल, हिशोब यांचं कंपनीचं सॉफ्टवेअर) कुठे, गेटची नोंद कुठे, कॅमेरा किती दिवस टिकतो, प्रत्येकापुढे एक नाव आणि एक पर्यायी नाव. गेटपुढे पर्यायी नावच सापडेना. तिथला रात्रीचा माणूस ठेकेदाराचा, दर तीन महिन्यांनी बदलतो. तो खड्डा अजून तसाच आहे.

नोकरी सोडणाऱ्याच्या 'नो ड्यूज' फॉर्मात एक रकाना वाढवला: 'कायदा विभागाची सही'. ती नसेल तर आयटी लॅपटॉपला हात लावणार नाही. एचआर कुरकुरलं.

मग सराव घेतला. शुक्रवारी मी खोटीच नोटीस काढली: गेल्या १४ तारखेला दुपारी गेटवर आलेल्या एका गाडीची सगळी नोंद द्या, सात दिवसांत, प्रमाणपत्रासह. आज तिसरा दिवस. ईआरपीची नोंद दोन तासांत आली. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळालं, पण सिक्युरिटीवाल्याने ते व्हॉट्सॅपवर पाठवलं. (दंड घेतला, सगळ्यांना वडापाव.) गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये एक, ईआरपीत दुसरा.

काल आयटीच्या मुलाचा खोटा उलटतपास घेतला. समोरचा वकील मी. त्याने पहिल्या पाच मिनिटांत तीनदा 'बहुतेक' म्हटलं. 'सर्व्हरचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?' विचारल्यावर म्हणाला, 'मॅडम, खरं सांगू?' खरं सांगितलं ते इथे लिहीत नाही. पासवर्ड बदललाय.

आता एकच अडलंय. प्रमाणपत्राच्या भाग 'अ' मध्ये यंत्राची मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर असे रकाने आहेत. सर्व्हरचा रंग काळा लिहिला. मॅडमची पेटी क्लाउडवर आहे, तिथे रंगापुढे काय लिहू?

---

खवचट खोत
रविवार, दुपारी ४.१२

ढगाचा? पावसाळी.

---

फोर्टातला वकील
रविवार, दुपारी ४.३०

'लागू नाही.' क्लाउडवर खूण करा, खात्याचा आयडी लिहा, आणि खोतांना साक्षीदार करू नका.

---

निवृत्त नाझर
रविवार, संध्याकाळी ५.०५

वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहायची आहे त्या नमुन्यात. दुपारचे साडेचार म्हणजे १६.३०. हे चुकतात लोक.